घामाच्या ग्रंथींचा कर्करोग आणि कापलेल्या गांठीचा कागद

आपल्या या मासिकांत बियाणें, खतें, पाणीवांटप, उंसावरील रोग व जनावरांचे आजार यांविषयीं लेख येत असतात. त्यांत मनुष्याच्या कातडीच्या एका दुर्मिळ रोगाविषयींचा लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. आम्ही वैद्य नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले व मराठी शाळेपुरतें शिकलेले आम्ही गृहस्थ आहों. परंतु हा रोग आमच्या घरांत येऊन गेला. त्या निमित्तानें डॉक्टरांस विचारून व वाचून जें समजलें, तें आपल्या वर्गाच्या कानांवर घालणें आम्हांस कर्तव्य वाटतें. शेतकऱ्याचें आयुष्य घाम गाळण्यांत जातें, आणि ज्या ग्रंथींतून तो घाम येतो त्यांनाच हा रोग होतो. शिवाय हा रोग पुष्कळ वेळां पायावर उद्भवतो; आणि पायावरची गांठ म्हटली कीं आपण ती कुरूप समजून सोडून देतों.

घाम कोठून येतो

मातीच्या माठांतील पाणी गार कां होतें, हें प्रत्येकास ठाऊक आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाऱ्यानें उडतें व जातांना आंतील उष्णता घेऊन जातें. शरीराची व्यवस्थाहि अशीच आहे. मनुष्याच्या कातडींत सुमारें वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथी असतात. तळहात व तळपाय येथें त्यांची दाटी सर्वांत अधिक. प्रत्येक ग्रंथि म्हणजे कातडीच्या खोल थरांतील एका अतिसूक्ष्म नळीचें वेटोळें होय. त्या वेटोळ्यांत घाम तयार होतो. तेथून एक बारीक नळी वर चढते, आणि कातडीच्या अगदीं वरच्या थरांतून मळसूत्रासारखी पीळ घेत जाऊन बाहेर उघडते. खालीं विहीर, मध्यें पाट आणि वर पाटाचें दार, अशी ही रचना समजावी.

दुसऱ्या प्रकारच्या घर्मग्रंथी काख, जांघ व गुह्यभाग, स्तनाग्रांच्या भोंवतीं, पापण्यांच्या कडा व कानाचा मार्ग अशा थोड्या ठिकाणींच असतात. त्यांची नळी केसाच्या मुळाशीं उघडते. वयांत आल्यावर त्यांचें काम सुरू होतें व त्यांच्या स्रावामुळें घामास वास येतो.

या ग्रंथींच्या पेशी आपली मर्यादा सोडून वाढूं लागल्या म्हणजे गांठ होते. अशा गांठींचे दोन वर्ग आहेत. एक गांठ वाढते, पण स्वतःच्या बांधाच्या आंत राहते. ती साधी गांठ. दुसरी बांध फोडून शेजाऱ्याच्या रानांत शिरते, व पुढें पाण्यावाटें बीं वाहून जावें तशी रसवाहिन्यांवाटें दूर जाऊन रुजते, तो कर्करोग. बाहेरून पाहतां दोहोंतील फरक पुष्कळ वेळां तज्ज्ञ डॉक्टरांसहि सांगतां येत नाहीं. हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

या गांठी कोणत्या

साध्या गांठींपैकीं शेतकऱ्यानें ओळखून ठेवावी ती पोरोमा नांवाची. सन १९५६ त डॉ. हर्मन पिंकस व त्यांचे सहकारी यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पाटाच्या दाराशीं, म्हणजे घामाच्या नळीच्या वरच्या टोकाशीं, ती उगवते. बहुधा तळपायावर किंवा पायाच्या कडेला, कधीं तळहातावर वा डोक्यावर आढळते. रंग लालसर, अंग ओलसर, आणि पुष्कळदां भोंवतीं चर असतो. झाडास आळें करावें तसा. थोडें घांसलें तरी तिला रक्त येतें.

याच जागेंतून जो कर्करोग होतो त्यास पोरोकार्सिनोमा म्हणतात. सन १९६३ त पिंकस व डॉ. अमीर मेहरेगन यांनीं त्याचें पहिलें वर्णन केलें. सध्यांचें नांव त्यास सन १९६९ त मिळालें. हा रोग बहुधा साठीच्या पुढील स्त्री-पुरुषांस होतो. पाय ही त्याची नेहमीची जागा. त्याखेरीज डोकें व मान येथेंहि तो आढळतो. कधीं तो नव्यानें उगवतो, तर कधीं वर्षानुवर्षें निजून राहिलेल्या पोरोमांतच पालट होऊन उत्पन्न होतो. यासाठीं 'ही गांठ वीस वर्षांची आहे, तिनें कधीं त्रास दिला नाहीं,' या समाधानावर अवलंबून राहूं नये. जुनी गांठ एकाएकीं वाढूं लागली, फुटली, वाहूं लागली किंवा दुखूं लागली तर ती जुनी राहिली नाहीं असें समजावें.

या कुळांतील आणखी चार रोग थोडक्यांत सांगतों. एक हाताच्या व पायाच्या बोटांवर, विशेषतः पुरुषांच्या, होतो. त्यास डिजिटल पॅपिलरी कार्सिनोमा म्हणतात. बोटाच्या पेरावरील ती गांठ निरुपद्रवी भासते, पण कित्येक वर्षांनींहि फुप्फुसांत जाऊं शकते. दुसरा चेहऱ्यावर, बहुधा वरच्या ओठाच्या आसपास होतो. सन १९८२ त त्याचें वर्णन झालें व त्यास मायक्रोसिस्टिक अ‍ॅड्नेक्सल कार्सिनोमा हें लांबलचक नांव मिळालें. तो गांठीसारखा न दिसतां जुन्या व्रणासारखा चपटा व टणक दिसतो, आणि आंतून मज्जातंतूंच्या कडेकडेनें पसरतो. त्यामुळें तेथें बधिरता किंवा मुंग्या येतात. तिसरा म्यूसिनस कार्सिनोमा. तो बहुधा पापणीवर होतो व फार सावकाश वाढतो.

चवथ्याविषयीं विशेष लिहिणें अवश्य आहे, कारण तो लाजेमुळें झांकला जातो. सर जेम्स पॅजेट यांनीं सन १८७४ त स्तनाग्राचा एक रोग वर्णिला. तसाच रोग गुह्यभागीं होतो, असें डॉ. क्रॉकर यांनीं सन १८८९ त दाखविलें. जांघेंत किंवा गुह्यभागीं लाल, खाजणारा, ओलसर चट्टा पडतो. मनुष्य त्यास गजकर्ण समजून दुकानांतून मलम आणून लावतो. खाज क्षणभर थांबते, चट्टा मात्र वाढत राहतो. दोन महिने योग्य औषध करूनहि न जाणारा असा चट्टा गजकर्ण नसावा अशी शंका घेऊन डॉक्टरांस दाखवावा. घरांतील वृद्ध स्त्रिया असा त्रास सांगत नाहींत. सुनांनीं व लेकींनीं आपण होऊन विचारावें.

दुर्मिळ रोगाची चिंता कां करावी

येथें वाचक म्हणतील कीं, एवढा दुर्मिळ रोग आमच्या वांट्यास कशाला येईल? दुर्मिळ तो खराच. कातडीच्या गांठींचा हिशेब घेतला तर दहा हजारांत एखादी, किंवा त्याहूनहि कमी, या पोरोकार्सिनोमाची निघते. परंतु आम्ही आयुष्यभर कचेरींतील दप्तरें पाहिलीं आहेत. दहा हजार उताऱ्यांत एक चुकला तर कचेरीस ती किरकोळ बाब असते. ज्याचें शेत दुसऱ्याच्या नांवावर चढलें त्यास तो एकच उतारा सर्वस्व असतो. शिवाय या दुर्मिळ रोगासाठीं जी खबरदारी घ्यावयाची, तीच कातडीच्या इतर कर्करोगांसहि लागू पडते. तळपायावर काळा डाग होऊन पसरणारा कर्करोग सांवळ्या माणसांतहि आढळतो. त्याचा शोधहि याच मार्गानें लागतो.

आमच्या घरची हकीगत

आमचे वडील बंधू ऊंस व गहूं करीत. सन २०१२ च्या सुमारास, त्यांच्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, डाव्या टांचेच्या बाहेरच्या कडेला हरभऱ्याएवढी लाल गांठ आली. कांटा मोडून राहिला असेल म्हणून वहिनींनीं बिब्ब्याचा चटका दिला. मग दुकानांतून कुरुपाची पट्टी आणून लावली. वरचा पापुद्रा पांढरा पडून निघे, आणि पंधरा दिवसांत गांठ पुन्हां वर येई. दुखत नव्हती, म्हणून कोणीं मनावर घेतली नाहीं.

दोन वर्षांनीं एके रात्रीं उंसाला दारें धरतांना ती सोलली गेली व चप्पल रक्तानें भरली. तेव्हां आम्ही त्यांस तालुक्याच्या गांवीं एका दवाखान्यांत घेऊन गेलों. तेथें दहा मिनिटांत गांठ काढली. तुकडा तपासणीस पाठवावयाचा काय, असें विचारण्यांत आलें. खर्च कांहीं शें रुपयांचा होता व अहवालास आठ दिवस लागणार होते. दादा आमच्याकडे पाहूं लागले, कारण घरांत कागदाचें काम आमचें. आम्हीं म्हटलें, "कुरूप तें, त्याला कसला कागद?" तुकडा बादलींत गेला.

ज्या मनुष्यानें सारी नोकरी पावती, पंचनामा व फेरफार यांवर काढली, सहीवांचून कोणाचा अर्ज पुढें जाऊं दिला नाहीं, त्यानें सख्ख्या भावाच्या बाबतींत हें म्हणावें, याचें आज आम्हांस आश्चर्य वाटतें व लाजहि वाटते.

सन २०१६ त जुन्या व्रणाच्या कडेला पुन्हां गांठ आली, आणि डाव्या जांघेंत लिंबाएवढें अवधाण दिसूं लागलें. पायाला जखम असली म्हणजे अवधाण येतेंच, असें म्हणून आणखी दोन महिने गेले. पुढें मुंबईस एका मोठ्या रुग्णालयांत नेलें. तेथील डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न केला, "आधीच्या गांठीचा अहवाल कोठें आहे?" दादा म्हणाले, "तो घेतलाच नाहीं, साहेब." आमचें नांव त्यांनीं घेतलें नाहीं.

नव्या तुकड्याच्या तपासणींत पोरोकार्सिनोमा निघाला. टांचेचा बराच भाग व जांघेंतील रसग्रंथी काढल्या, किरणोपचार झाले. वर्षभरांत रोग फुप्फुसांत दिसला. सन २०१८ च्या जानेवारींत दादा गेले. पहिल्या वेळीं अहवाल घेतला असता तर ते वांचलेच असते, असें कोणी डॉक्टर म्हणाले नाहींत. आम्हीहि म्हणत नाहीं. परंतु रोग टांचेपुरताच असण्याचा संभव असतां दोन वर्षें आपल्या हातीं होतीं, आणि तीं आम्हीं बादलींत टाकलीं, एवढें खरें.

कोणत्या गांठीबद्दल सावध असावें

कुरूप तासलें असतां आंत कठीण पांढरा गाभा दिसतो व रक्त येत नाहीं. चामखीळ तासली असतां बारीक काळे ठिपके दिसतात. ही माहिती ओळखीसाठीं दिली आहे. घरीं वस्तरा घेऊन तासण्यासाठीं नव्हे. पुढील खुणांपैकीं एकहि दिसली तर डॉक्टरांस दाखवावें.

(१) लाल किंवा मांसल गांठ, जिला सहज रक्त येतें.
(२) औषध, पट्टी अथवा चटका देऊनहि त्याच जागीं पुन्हां येणारी गांठ.
(३) जुनी गांठ किंवा मस, जो कांहीं महिन्यांत वाढला, फुटला वा वाहूं लागला.
(४) दीड-दोन महिन्यांत न भरणारी जखम.
(५) अशा गांठीबरोबर जांघ, काख किंवा मानेंत येणारें कठीण, न दुखणारें अवधाण.

न दुखणें ही निर्भयतेची खूण नव्हे. दादांची गांठ प्रथम दुखली असती तर आम्ही लवकर गेलों असतों. बिब्बा, चुना-सोडा, घोड्याचा केस बांधणें, डाग देणें हे उपाय करूं नयेत. त्यांनीं वरचा भाग जळतो, मूळ खालीं राहतें, आणि गांठीचें स्वरूप बिघडल्यामुळें पुढें ओळखणेंहि कठीण जातें.

कापल्यानंतर काय करावें

निदानाचा खरा मार्ग एकच. गांठीचा तुकडा, किंवा गांठ लहान असल्यास सबंध गांठ, काढून ती सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणें. यास बायॉप्सी म्हणतात. बायॉप्सी केल्यानें रोग चेततो, ही समजूत निराधार आहे. तिच्यावांचून उपचार ठरवितां येत नाहीं.

तुकडा रुंद तोंडाच्या बाटलींत, तो पूर्ण बुडून राहील इतक्या भरपूर फॉर्मॅलिनच्या द्रावणांत ठेवावयाचा असतो. नुसत्या पाण्यांत किंवा कोरडा ठेवल्यास तो कुजतो अथवा सुकतो, व तपासणी फुकट जाते. बाटलीवर रोग्याचें नांव, तारीख, अंगाची जागा व डावी-उजवी बाजू लिहिली आहे कीं नाहीं हें आपण स्वतः पाहावें. हें काम दवाखान्याचें असलें तरी डोळे आपले असावेत.

अहवाल आल्यावर तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा व दोन प्रश्न अवश्य विचारावे. गांठ साधी कीं कर्करोगाची? आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आहेत काय? कडांपर्यंत रोगाच्या पेशी आढळल्या, तर शेतांत मूळ राहिलें असें समजून पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. तुकड्याचा मेणांत बसविलेला ठोकळा व कांचेच्या पट्ट्या प्रयोगशाळेंत जपून ठेवलेल्या असतात. मोठ्या रुग्णालयांत जातांना अहवालाबरोबर त्याहि मागून न्याव्या. तेथील तज्ज्ञ त्या पुन्हां पाहतात. हे रोग इतके विरळा आहेत कीं, दुसऱ्या नजरेची गरज लागते.

कर्करोग ठरल्यास गांठीभोंवतालची निरोगी दिसणारी कातडीहि रुंद कापून काढतात. दुसरी एक पद्धत अमेरिकेंतील डॉ. फ्रेडरिक मोज यांनीं सन १९३० नंतरच्या दशकांत काढली. तींत एकेक पातळ थर कापून तो तेथल्या तेथें तपासतात, व कडा मोकळी दिसेपर्यंत पुढें जातात. रोग रसग्रंथींत गेला असल्यास त्या काढाव्या लागतात. कांहींस किरणोपचार देतात. दूर पसरलेल्या रोगावर औषधांचा उपयोग मर्यादित होतो. प्रसिद्ध नोंदींपैकीं कित्येकांत सुमारें पांचांत एका रोग्यास त्याच जागीं रोग उलटल्याचें आढळतें. म्हणून शस्त्रक्रियेनंतरहि डॉक्टर सांगतील त्या मुदतीनें कांहीं वर्षें तपासणीस जावें, आणि मधल्या काळांत व्रण व जांघ आपल्या हातानें चांचपून पाहत जावें.

कर्करोगाच्या उपचाराची सोय मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत सन १९४१ पासून आहे. बार्शी, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथेंहि कर्करोगाचीं रुग्णालयें आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा समावेश आहे. योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो. त्यास भेटावें, व शिधापत्रिका आणि ओळखपत्र बरोबर ठेवावें. कागद अपुरे म्हणून परत फिरलेले शेतकरी आम्हीं कचेरींत पुष्कळ पाहिले. रुग्णालयांत ती पाळी येऊं देऊं नये.

दोन गैरसमज

हा रोग घाम गाळल्यानें होतो असें कोणी समजूं नये. श्रम व घाम हे निरोगी शरीराचे धर्म आहेत. तसेंच हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. दादांच्या शेवटच्या दिवसांत कांहीं नातलग त्यांच्या अंथरुणाजवळ बसण्यास कचरत. त्याचें दुःख त्यांस रोगाइतकेंच झालें. रोग्याचें ताट वेगळें करूं नये.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करतों. सन २०२१ त आमच्याच उजव्या तळहातावर लहानशी लाल गांठ उठली. या वेळीं तिसऱ्या आठवड्यांतच आम्ही ती काढविली, बाटलीवरचें नांव स्वतः वाचलें, आणि आठ दिवस वाट पाहिली. अहवाल आला: पोरोमा, साधी गांठ, कडा मोकळ्या. बहुतेकांचा अहवाल असाच येतो, व तो तसा येणें यांतच त्या खर्चाचें सार्थक आहे. तो कागद आम्हीं पत्र्याच्या पेटींत सात-बाराच्या उताऱ्यांबरोबर ठेवला आहे. दादांच्या उताऱ्यांच्या पुडक्यांत तसा कागद नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं गांठ कापली जाईल, तेव्हां त्यांनीं तुकडा फेंकूं देऊं नये व कागद मागून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.